मुळासकट

मक्याचं झाड दाखवायला आणायचं तर मुळासकट आणायचं, मातीसकट आणायचं, हा म्हाताऱ्याचा कायदा होता. नुसतं पान खुडून आणणाऱ्याला तो ओट्यावर बसूसुद्धा देत नसे. "कान दुखला तर घरी बसून डॉक्टरकडे नुसता कान पाठवतोस का रे?" असं विचारायचा, आणि आलेला माणूस मुकाट्याने परत शेताकडे फिरायचा. लोक त्याला डॉक्टर म्हणत. आधी चेष्टेने म्हणायचे, मग चेष्टा झिजून गेली आणि नाव तेवढं राहिलं.

त्याची सून नवी होती. लग्नाआधी ती दोऱ्यांच्या दुकानात उभी असायची. बायका कापडाचा तुकडा घेऊन यायच्या आणि ही मागे वळून शंभर रिळांतून नेमकं एक काढून समोर ठेवायची. रंगाच्या बाबतीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. शेतीच्या बाबतीत मात्र सगळा आनंदच होता. पहिल्यांदा खुरपायला बसली तेव्हा तिने मका उपटला आणि गवत ठेवलं. नवरा कपाळाला हात लावून उभा राहिला. म्हातारा मात्र बांधावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला आणि म्हणाला, "गवत काय सुरेख राखलंय!" त्या दिवसापासून सुनेला या घराची भीती वाटेनाशी झाली.

मग तोच तिला शिकवायला लागला. संध्याकाळी ओट्यावर एखादं झाड आडवं टाकायचा.

"पान पिवळं पडलं की लोक खताच्या गोणीकडे धावतात. आधी बघायचं, खालचं पडलं की वरचं."

"त्याने काय फरक पडतो?"

"खालचं पिवळं पडलं तर झाड उपाशी आहे. उपाशी झाड आपल्या म्हाताऱ्या पानातलं काढून घेतं आणि कोवळ्याला देतं."

"आणि म्हातारं पान देतं?"

"न देऊन सांगतं कोणाला!"

तो पाठ थोपटल्यासारखा त्या झाडावर हात फिरवायचा. खोड दाबून बघायचा, मुळं बोटांत चोळून नाकाशी न्यायचा. सून शेजारी उकिडवी बसून सगळं ऐकायची. तिचे वडील लवकर गेले होते. इतकं सावकाश कोणी तिला आजवर काही शिकवलं नव्हतं.

थंडी पडायला लागली तेव्हा म्हाताऱ्याने ट्रंकेतून आपला तपकिरी कोट काढला. बटणं लोंबत होती. त्याने डब्यातून स्वतःच एक रीळ शोधलं आणि तिच्या हातात दिलं.

"घे, हा बघ तपकिरी. जुळतोय का नाही?"

रीळ वांगी रंगाचं होतं. अगदी भरताच्या वांग्यासारखं, जांभळट, चकचकीत. सुनेने एकदा रिळाकडे पाहिलं, एकदा त्याच्या तोंडाकडे. तो कौतुकाने वाट बघत होता. नव्या सुनेने सासऱ्याला रंग शिकवायचे? ती "जुळतोय" म्हणाली आणि सगळी बटणं त्याच दोऱ्याने घट्ट शिवून दिली. म्हातारा तो कोट घालून गावभर फिरला. कोणी काही बोललं नाही. लोकांना वाटलं असेल, घरात दुसरा दोरा नसेल.

तशी बारीकसारीक चिन्हं आणखीही होती. उन्हातून घरात आला की तो उंबऱ्यावर जरा थबकायचा. चहा ओतताना कपाची कड बोटाने चाचपायचा. लांबून येणाऱ्याला हाक मारायचा, ती तो माणूस आधी बोलल्यावरच. एकदा तर त्याने खांबालाच "बस की" म्हटलं. मुलगा टेम्पो चालवायचा, जगभराच्या गप्पा मारायचा. तो म्हणाला, "बाबा आता मोठे झाले, माणसं ओळखत नाहीत." तिघेही हसले. हसण्यात ते निघून गेलं.

मग एका सकाळी गवळी आला.

गवळ्याने यंदा गाईंसाठी मका केला होता. उन्हाळ्यात हिरवं काही मिळत नाही, म्हणून हा मका आत्ताच चिरून, दाबून ठेवायचा आणि तेव्हा गाईंना घालायचा, असा त्याचा हिशेब. मका गुडघ्याएवढा झाला होता आणि तिथेच अडला होता. गवळी चार झाडं घेऊन आला, पण विळ्याने कापून. जन्मभर चारा कापलेला माणूस. झाड उपटायचं असतं हे त्याच्या हाताला ठाऊकच नव्हतं. सून चहा घेऊन बाहेर आली आणि मनात म्हणाली, आता बोलणी खातो बिचारा.

म्हाताऱ्याने झाड हातात घेतलं. पान नाकापर्यंत आणलं, लांब नेलं, परत जवळ आणलं. मुळाबद्दल तो काहीच बोलला नाही.

"कधीपासून असं आहे?"

"थंडी वाढली तेव्हापासून. आधी कडा रंगल्या, आता खोडसुद्धा."

"काळपट तपकिरी चढलंय," म्हातारा म्हणाला. "कूज आहे ही. खालून वर निघालीय."

"मग औषध?"

"औषध नाही याला. उपटून टाक सगळं. राहिलं तर शेजाऱ्यांचं पण जाईल."

गवळी पायरीवर बसलाच. हातातला कप तसाच राहिला. "सगळं?"

"सगळं."

"गाईंनी खायचं काय मग?"

म्हाताऱ्याने झाड खाली ठेवलं आणि कोटाच्या खिशात हात घातले. गवळ्याने डॉक्टरचा शब्द कधी मोडला नव्हता. "उद्या सकाळी ट्रॅक्टर सांगतो," एवढं म्हणून तो उठला. चहा प्यायलाच नाही. विळा विसरला, तो घ्यायला परत आला, आणि परत जाताना कोणाकडे बघितलं नाही.

दुपारी म्हातारा आडवा झाल्यावर सुनेने ओटा झाडायला घेतला. ती चार झाडं तिथेच पडली होती. तिने एक उचललं आणि उन्हात धरलं. पानांच्या कडा तपकिरी नव्हत्याच. वांगी होत्या. खोडावरही तोच रंग, पण वरवर, साल चढल्यासारखा. तिने खोड दाबलं, टणक लागलं. नाकाशी नेलं, तर ताज्या मक्याचा गोडसर वास. कूज असती तर कुजका वास आला असता, हे त्यानेच तर शिकवलं होतं.

खुंटीवर कोट होता. ती पान घेऊन तिथे गेली आणि बटणाला लावून बघितलं. एकाच रिळातलं असावं इतकं जुळलं.

मग तिला एकेक आठवत गेलं. उंबऱ्यावरचं थबकणं. कपाची कड. तो खांब. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, त्याने मूळ मागितलं नव्हतं. ती पान हातात धरून तशीच कोटाशी उभी राहिली आणि तिला रडू आलं.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा तिने त्याला टेम्पोपाशीच गाठलं. तो ऐकून घेत चाकावर लाथा मारत राहिला.

"मला थोडं थोडं कळत होतं," तो म्हणाला. "मागे एकदा डोळ्यांच्या दवाखान्याचं नाव काढलं तर ताट सरकवून उठले. म्हणाले, पान दिसत नाही असं एकदा लोकांना कळलं की ओट्यावर कोण येणार माझ्या?"

"उद्या ट्रॅक्टर फिरेल गवळ्याच्या मक्यावर."

"गवळ्याला मी सांगून येतो. गुपचूप."

"म्हणजे डॉक्टरचा शब्द मुलाने फिरवला. उद्या गावात तेच होईल. आणि बाबांना ते कोणाच्या तरी तोंडून कळेल."

"मग तू सांग. माझं ऐकत नाहीत ते."

"मी? मी कालची आलेली!"

"म्हणूनच," नवरा म्हणाला. "तुझ्यावर अजून ओरडले नाहीत ते."

ती काही ओरडण्याला घाबरत नव्हती. म्हातारा गप्प बसेल याची तिला भीती होती.

उजाडताच तिने खुरपं घेतलं आणि म्हाताऱ्यापुढे चहाचा कप ठेवून म्हणाली, "बाबा, गवळ्याच्या रानात चला. मला ती कूज मुळासकट बघायचीय. पुन्हा कधी बघायला मिळणार?"

म्हाताऱ्याला शिकणारं माणूस आवडायचं. तो निघाला. बांधावर दव होतं. "मी घसरेन हं, हात धरा माझा," ती म्हणाली आणि तिनेच त्याचा हात धरला. तो प्रत्येक पाऊल आधी टेकवून बघत होता, मग भार देत होता. इतके दिवस आपण याच्यामागून चाललो आणि पायांकडे कधी बघितलं नाही, असं तिला वाटलं.

मक्यात शिरल्यावर तिने खुरप्याने एक झाड सगळ्या बाजूंनी सोडवलं आणि मातीसकट त्याच्या हातात दिलं. म्हातारा खाली बसला. त्याने माती बोटांनी सावकाश झाडली, आणि त्याची बोटं थांबली.

"हे काय?"

"काय झालं?"

"मुळं खाली गेलीच नाहीत. आडवी पसरलीत. जमिनीवर उभ्या कोंबडीच्या पायासारखी." त्याने खुरपं मागून घेतलं आणि जमिनीत घातलं. वर भुसभुशीत, आणि वीतभर खाली दगडावर बसावं तसं ते थांबलं. दोन पावलं पुढे जाऊन घातलं. तिथेही तेच. "ओल्या रानात ट्रॅक्टर घातलाय याने. खाली फरशी केलीय नुसती."

"मुळं कुजलीत का?"

त्याने एक मूळ चोळलं. "कुजलेल्या मुळाची साल बोटात येते. ही येत नाही." वास घेतला. "वासही नाही." मग जरा वेळाने, जरा हळू: "रंग काय आहे मुळाचा?"

"पांढरा. स्वच्छ पांढरा."

"मग वर तपकिरी कसं?"

आता सांगायलाच हवं होतं. सुनेने पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला.

"तपकिरी नाहीये, बाबा."

"मग?"

"वांगी आहे. पानांच्या कडा, खोड, सगळं."

म्हाताऱ्याने पान डोळ्यांजवळ नेलं. दूर नेलं. उन्हाकडे तोंड करून पुन्हा बघितलं. त्याची मान हलायला लागली, नकारार्थी, आपोआप.

"वांगी," तो म्हणाला. "म्हणजे कूज नाही. जमीन गार, मुळं आखडलेली. खाली अन्न आहे आणि याचा हात पोचत नाहीये. हे तर... हे तर जगणारं झाड आहे, पोरी."

"हो."

"मी जगणारं झाड उपटायला सांगितलं."

तो बांधावर बसला. सून त्याच्याजवळ बसली. त्याचे हात मातीने भरलेले होते. तिने ते आपल्या हातात घेतले. सुनेने सासऱ्याचे हात असे धरू नयेत वगैरे तिच्या मनातही आलं नाही. कोटाच्या बटणांचा विषय मात्र तिने काढला नाही. एका सकाळी एका माणसाला किती लाजवायचं!

"आभाळसुद्धा हल्ली मळकट दिसतं," म्हातारा म्हणाला. "मला वाटलं, यंदाचं वर्षच धुळीचं आहे."

रस्त्याकडून ट्रॅक्टरचा आवाज यायला लागला.

"मी सांगते त्यांना," ती घाईने म्हणाली. "तुम्ही पुन्हा बघायला आलात आणि मूळ बघून विचार बदललात, असं."

"नाही. उपटायला मी सांगितलं, थांबवणार पण मीच."

तो उठला आणि दोन्ही हात वर करून आवाजाच्या दिशेने चालायला लागला. दिशा चुकली होती. तो विहिरीकडे निघाला होता. ट्रॅक्टरवाला वरून ओरडला, "डॉक्टर, सकाळी सकाळीच घेतलीत का? रस्ता इकडे आहे!" आणि मोठ्याने हसला. सुनेने धावत जाऊन म्हाताऱ्याचे खांदे धरले आणि त्याला हळूच वळवलं. तिला त्या हसण्याचा इतका राग आला की दगड उचलावासा वाटला. म्हाताऱ्याने मात्र ऐकलं नसल्यासारखं केलं.

गवळी पुढे आला. म्हाताऱ्याने आवाजावरून त्याचा अंदाज घेतला आणि म्हणाला, "ट्रॅक्टर बंद कर. मी चुकलो. कूज नाही ही."

"नाही?"

"नाही. काल मला रंग दिसला नाही. बऱ्याच दिवसांपासून दिसत नाही. मी तुझ्याकडे मूळ मागायला पाहिजे होतं. हाताला कळलं असतं."

गवळ्याचा चेहरा आधी लाल झाला. "मग का नाही मागितलंत?"

"तू लवकर जावंस म्हणून," म्हातारा म्हणाला. "जास्त वेळ बसलास तर तुला कळेल, असं वाटलं."

गवळी बराच वेळ पायाने ढेकूळ फोडत राहिला. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "काल गाईंकडे बघवेना मला," तो म्हणाला. मग मान खाली घालून, "ओल्यात ट्रॅक्टर मीच घालायला लावला. पेरायची घाई झाली होती." आणि ट्रॅक्टरकडे हात करून म्हणाला, "हाच होता."

ट्रॅक्टरवाल्याचं हसू मावळलं. तो खाली उतरून उगाच चाक बघायला लागला.

"ओळींच्या मधून खोल कोळपं घाल," म्हातारा सांगायला लागला, आणि सांगता सांगता त्याचा आवाज जाग्यावर आला. "माती मोकळी होऊ दे. स्फुरदाचं खत थोडं, पण मुळाजवळ. आणि ऊन पडायची वाट बघ. रंगलेली पानं आता हिरवी व्हायची नाहीत, त्यांच्याकडे बघत बसू नकोस. मधल्या पोंग्यातून नवं पान कोणत्या रंगाचं येतं, ते बघ."

"मी बघितलं तरी तुम्हाला कसं कळणार?"

"ही सांगेल."

गवळ्याने त्या दोघांकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडावर कालपासून पहिल्यांदा जरा उजेड आला. "डॉक्टर," तो म्हणाला, "तुम्हाला दवाखान्यात न्यायचं तर मुळासकट न्यावं लागेल हां. नुसता डोळा चालणार नाही."

म्हातारा हसला. हसता हसता त्याने कोटाच्या बाहीने डोळे पुसले.

दवाखान्यात न्यायला मुलाने टेम्पो धुऊन काढला. आत गादी टाकली. म्हातारा म्हणाला, "मी काय कोबी आहे?" आणि पुढे त्याच्याशेजारी बसला. मोतीबिंदू पिकला होता, हे तिथल्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं. "बघताक्षणी," म्हातारा परतताना दोनदा म्हणाला. त्याला त्या डॉक्टरचा जरा हेवा वाटला असावा.

ऑपरेशननंतर डोळ्यावर पट्टी होती त्या दिवसांत सून रोज गवळ्याच्या रानात जायची आणि येऊन खाटेपाशी बसायची.

"पोंगा?"

"पोपटी. टोकाला जरासा मोतिया."

"मोतिया म्हणजे काय ते नीट सांग. मी दोरे विकले नाहीत."

"सायीसारखा, बाबा. सायीत थेंबभर हळद."

"मग ते पान अजून उलगडायचंय. उद्या बघ."

दुसऱ्या दिवशी ती पळतच आली. तो तिच्या पावलांवरूनच उठून बसला. "हिरवं," ती म्हणाली. "कडेपासून कडेपर्यंत हिरवं. रंगाला नावच नाही दुसरं." म्हाताऱ्याने उशी पाठीशी ओढली आणि पट्टीखालून बोट घालून काहीतरी पुसलं. डॉक्टरांनी हात लावू नका म्हणून बजावलं होतं. ती त्या वेळी त्याला रागावली नाही.

पट्टी काढून तो दुपारी दवाखान्यातून परत आला आणि अंगणातच उभा राहिला. कितीतरी वेळ वर बघत राहिला.

"धुळीचं वर्ष नव्हतंच की," तो म्हणाला.

मग त्याने सगळं घर बघितलं. भांडी बघितली, मुलाच्या दाढीतले पांढरे केस बघितले आणि मुलाला चिडवलं. सुनेसमोर उभा राहून तिला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि म्हणाला, "बारीक झालीस. खालचं पान पिवळं पडलंय. जेवतेस ना नीट?" तिने तोंडाला पदर लावला. पुढे तो खुंटीपाशी गेला. कोट काढला. आणि थांबला.

"पोरी."

"काय?"

"ही बटणं कोणी शिवली?"

"मी."

"आणि हा दोरा तुला कोणी दिला?"

म्हाताऱ्याने एकेक बटण अंगठ्याने फिरवून पाहिलं.

"मीच दिला," तो म्हणाला. "आणि तू शिवलंस?"

"हो."

"सगळी?"

"सगळी."

"हे घालून मी गावभर फिरलो. गवळ्यासमोर बसून त्याला रंग सांगितले!"

"आणा इकडे, उसवून देते," ती पुटपुटली आणि कात्री शोधायला लागली. तिचे कान लाल झाले होते. म्हाताऱ्याने कोट पाठीमागे धरला.

"राहू दे. बटण हलत नाहीये, मजबूत शिवलंयस." मग तो जरा जवळ आला. "पण पुढच्या वेळी मी चुकीचं रीळ दिलं तर पहिल्या टाक्यालाच सांगायचं. दोऱ्याचं असो, मक्याचं असो. कळलं?"

"कळलं, बाबा."

त्याने कोट घातला, बटणं गळ्यापर्यंत लावली आणि बाहेर आला. ओट्याखाली कोणीतरी मक्याचं झाड घेऊन उभं होतं. मुळासकट, बादलीभर मातीसकट. म्हाताऱ्याला आता सगळं लख्ख दिसत होतं. खालचं पान, वरचं पान, पानावरची भोकं, सगळं. त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"बस जरा," तो म्हणाला. "सूनबाईला येऊ दे."